समेवर वाजणारी घंटी

मानेचा मणका मोडला की हातपाय जातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आवाजही लहान होतो, हे आम्हांला काका घरी आले तेव्हा कळलं. श्वासपटल चालवणारी नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते. काकांची इजा चौथ्याच्या खालची, म्हणून श्वास वाचला. पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू त्याच्याही खालून हुकूम घेतात, आणि मोठ्यानं हाक मारायला, खोकायला, रागवायला लागतात ते हेच. इंदूरच्या रामबागेतल्या गच्चीवरून ज्यांची हाक कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत पोचायची, त्यांचा आवाज आता पलंगापासून दारापर्यंत जेमतेम पोचतो. बोलणं स्पष्ट, डोकं तल्लख, खवचटपणा शाबूत. आवाजाला पल्ला तेवढा उरला नाही.

घर जुनं, लांबोडकं. पुढे काकांची खोली, मधे दोन खोल्या आणि चौक, सगळ्यात मागे स्वयंपाकघर. काकू मागे असली आणि कुकर, मिक्सर किंवा नळ यांतलं काहीही चालू असलं, की हाक मधल्या खोलीतच विरायची. काकूच्याही कानांचं वय झालेलं. मग ती दर थोड्या वेळानं हातातलं काम टाकून पुढे यायची आणि काकांना काही नको असायचं. ती मागे वळली रे वळली की त्यांच्या नाकावर माशी बसायची.

माशी, पाणी, पंखा ही कामं थोडी थांबू शकतात. काही थांबत नाहीत. मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा तिच्याही वर इजा झालेली असेल, तर खाली कुठे काही तुंबलं-टोचलं की शरीर त्याला स्वतःच्या पद्धतीनं उत्तर देतं, मेंदूचा लगाम त्याच्यापर्यंत पोचत नाही. लघवीची नळी दुमडली, मूत्राशय भरलं, की रक्तदाब भराभर चढतो. डोकं फुटेलसं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी आधी माणसाला उठवून बसतं करायचं, कपडे सैल करायचे आणि मग नळी तपासायची, वेळ लावायचा नाही, असं डॉक्टरांनी काकूला बजावून सांगितलं होतं. ते ऐकून घरी येताना माझ्या मनात एकच विचार होता, की या माणसाला बोलावता आलं पाहिजे.

दवाखान्यात असते तशी दाबायची घंटी बाद, कारण बोटं चालत नाहीत. फोनला हाक मारून कामं सांगायची सोय आम्ही करून पाहिली. काकांचं खालच्या आवाजातलं इंदुरी मराठी, ज्यात एका वाक्यात दोनदा तरी हिंदी डोकावते, त्याला पचेना. आणि इंटरनेट गेलं की तेही गेलं. उरली मान. मान वळवणाऱ्या आणि खांदा उचलणाऱ्या मोठ्या स्नायूंची मुख्य नस कवटीच्या तळातून बाहेर पडते, अकरावी मस्तिष्क-चेता. त्यामुळे मानेतली इजा बरीच वरची असली तरी डोकं हलवणं बहुधा राहतं. स्टीफन हॉकिंग यांना शेवटच्या काळात तेवढंही नव्हतं. ते गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर काम भागवत, आणि ती हालचाल चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर टिपत असे. काकांकडे त्या मानानं अख्खं डोकं होतं.

मी एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सोल्डरिंगचा नाद लहानपणापासूनचा, आणि तो काकांनीच लावलेला, कारण घरातला बुश रेडिओ उघडून आत बघू देणारे तेच. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं यात नवल नव्हतं. महाराणी रोडवर गेले. तिथल्या दुकानात काय हवंय ते सांगायच्या आधी कशाला हवंय ते सांगावं लागतं.

‘भैया, टिल्ट स्विच है?’

‘बॉल वाला या मॉड्यूल?’

‘बॉल वाला.’

‘कॉलेज का प्रोजेक्ट है, मैडम?’

‘घर का है.’

यावर त्यानं मान वर करून पाहिलं आणि दहाच्या भावात मूठभर दिले. एसडब्ल्यू-५२०डी हे त्याचं नाव. नखाएवढी धातूची नळी, आत दोन चिमुकल्या गोळ्या, तळाला दोन पाय. कानाशी हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजते. पाय खालच्या बाजूला आले की गोळ्या घरंगळत तिकडे जातात, दोन पाय जोडले जातात, वीज वाहते. नळी उलटी कलली की गोळ्या दूर, वीज बंद. पूर्वी याच कामाला काचेच्या बोंडात पाऱ्याचा थेंब असायचा. तो गोळ्यांपेक्षा फार सफाईनं चालायचा, खरखर नाही, धडधड नाही. पण माणसाच्या कानशिलाला काचेतला पारा बांधणं मला कुठल्याच भावात पटलं नसतं. पाऱ्याचा वापर आवरता घ्यायचा मिनामाता करारही २०१७ पासून लागू झालेला आहे, आणि पाऱ्याचे स्विच दुकानांतून जवळजवळ गेलेच आहेत.

आता ही नळी डोक्यावर कशी बसवायची? इथे थोडं थांबते, कारण सगळी गंमत इथे आहे.

कल मोजणाऱ्या कुठल्याही साध्या साधनाला एकच गोष्ट कळते, खाली कुठे आहे ती. पृथ्वी ज्या दिशेनं ओढते ती दिशा त्याला माहीत. उत्तर-दक्षिण, डावं-उजवं यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. काका खुर्चीत ताठ बसलेत असं समजा. नळी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे अशी आडवी लावली, तर कान खांद्याकडे झुकवला की नळीचं एक टोक खाली जातं आणि गोळ्या सरकतात. पण नुसती मान वळवून त्यांनी खिडकीकडे पाहिलं, तर नळी आडवीच्या आडवी फिरते, कुठलंच टोक खाली जात नाही, आणि गोळ्यांना पत्ताही लागत नाही. आता त्यांना उताणं झोपवा. सगळं उलटं होतं. कान खांद्याकडे नेला तर नळी गादीला समांतरच फिरते, काही होत नाही. मात्र डोकं उशीवर एका कुशीला वळवलं की टोक खाली जातं आणि गोळ्या घरंगळतात. म्हणजे एकच नळी, एकाच जागी, बसल्यावर एका हालचालीनं चालते आणि झोपल्यावर दुसऱ्याच. नशीब असं, की दोन्ही हालचाली माणसाला सहज जमतात आणि त्या त्या अवस्थेत त्याच सोप्या असतात. हे मी मुद्दाम योजलं असतं तर माझी पाठ थोपटून घेतली असती; पण हे गुरुत्वाकर्षणानं फुकट दिलं.

दुसरा प्रश्न कोनाचा. नळी अगदी आडवी ठेवली तर डोकं जरा कुठे कललं की गोळ्या निघाल्या. म्हणून तिला आधीच उलट्या बाजूला कलतं बसवायचं. पंचवीस अंश उलटी कलवली, तर बसलेलं असताना डोकं साधारण तेवढं झुकल्याशिवाय गोळ्या हलत नाहीत. खोडरबर तिरपं कापून पाचर केली, तिच्यावर नळी चिकटवली. कोन पाहायला कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा. हा स्विच अंशाअंशाला बांधील नाही, दोन-चार अंश इकडेतिकडे करतोच. पण काकांची मानही अंशात चालत नाही.

पुढचं साखळीकाम सोपं. बाजारात बिनतारी दारघंटी मिळते. बटण बॅटरीवर, घंटी भिंतीतल्या प्लगला. त्या बटणाच्या डबीत १२ व्होल्टची करंगळीच्या पेराएवढी बॅटरी असते आणि बटण दाबल्याशिवाय ती खर्च होत नाही. डबी उघडून बटणाच्या जागी नळीच्या दोन तारा लावल्या की डोकं झुकताच स्वयंपाकघरात घंटी. मात्र गोळ्या धसमुसळ्या. उंबरठ्यावरून चाकाची खुर्ची गेली, काका हसले, शिंकले, की त्या उसळतात आणि क्षणभर टेकतात. म्हणून मधे एक कॅपॅसिटर, वीज साठवणारा. १० मायक्रोफॅरडचा; त्याला भरायला १ मेगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवून हळू सोडणारा, आणि समांतर रिकामा करायला ४७० किलोओहमचा. त्याच्यावरचा दाब दोनेक व्होल्टवर पोचला की २एन७००० जातीचा मॉस्फेट, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, चालू होतो आणि बटण दाबल्यासारखं होतं. १२ व्होल्टवर हे व्हायला सव्वादोन सेकंदांच्या आसपास लागतात. गोळ्यांनी मधेच टेकून सोडलं तर कॅपॅसिटरमध्ये थेंबभर भरतं आणि गळून जातं. एका कॅपॅसिटरनं दोन कामं केली, धडधड गिळली आणि ‘खरंच बोलावतोय’ याची खूण पटवून घेतली. मॉस्फेट नगानगाला थोडा लवकर-उशिरा चालू होतो, त्यामुळे वेळ घड्याळ लावून बघावी आणि रेझिस्टर बदलून जुळवावी. प्रोग्राम नाही, स्क्रीन नाही.

मान किती आणि कुठे झुकवायची हे आधी फिजिओथेरपिस्टला विचारून घेतलं होतं, आणि मोडलेला मणका जोडलेला आहे, हालचालीला हरकत नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिते आहे. पाहून कुणाला करावंसं वाटलं, तर सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी ते विचारावं.

डोकं उजवीकडे झुकलं की घंटी वाजेल अशी नळी लावली. काका खूश. काकू त्याहून खूश. दुपारी जेवणं झाली, काकूनं भांडी घासायला घेतली, आणि घंटी वाजली. ती हात पुसत पुढे आली.

‘काय हवंय?’

‘काही नाही.’

‘मग वाजवलीत कशाला?’

‘मी नाही वाजवली. सम आली.’

काकांची दुपार उस्ताद अमीर खाँ यांची असते. आमच्या इंदूरचे. १९१२ चा जन्म आणि १९७४ साली कोलकात्याला मोटार अपघातात मृत्यू. पण काकांच्या लेखी ते रोज दुपारी अडीचला गातात. काकांनी त्यांना ऐकलंय, आणि ऐकल्याचं सांगताना त्यांचा आवाज आजही थोडा लांब जातो. तर खाँसाहेबांची खासियत म्हणजे अतिविलंबित लय, बरेचदा झुमरा, चौदा मात्रांचा. एकेका मात्रेत माणूस सावकाश श्वास घेऊन सोडू शकतो. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आली की काकांचं डोकं हळूहळू उजवीकडे उतरू लागतं, समेवर खांद्यापाशी टेकतं, आणि तिथेच रेंगाळतं. सव्वादोन सेकंद? या लयीत ते काहीच नाही. माझा कॅपॅसिटर द्रुतात बिनचूक होता. तराणा चालू झाला की काकांची मान भराभर हलायची आणि घंटी गप्प राहायची. विलंबितात मात्र ती दर आवर्तनाला, अगदी समेवर, स्वयंपाकघरात वाजायची. काकू म्हणाली, ‘निदान तालात तरी आहे.’

आता हसायला ठीक आहे, पण घंटी अशी वाजत राहिली तर पुढे काय होतं हे सांगायला नको. लांडगा आला रे आला. चार दिवसांनी काकू घंटी ऐकूनही भांडी घासत राहिली असती, आणि ज्या दिवशी नळी दुमडलेली असेल त्या दिवशीही. काहीजणांनी सुचवलं, गाणं चालू असताना घंटी काढून ठेवा. म्हणजे दिवसातली सगळ्यात सुखाची वेळ आणि बोलावण्याची सोय यांतलं एक निवडा म्हणायचं. मला ते मुळीच मान्य नव्हतं. वेळ वाढवून पाच सेकंद करावी, तर डोकं दुखत असताना पाच सेकंद मान वाकडी करून थांबायचं कुणी?

इथे लेक मधे पडली. ती इंजिनिअरिंगला आहे आणि माझ्या गोळ्यांकडे पहिल्यापासून कीव केल्यासारखी बघत होती. तिनं एमपीयू-६०५० आणला. चार बाय चार मिलिमीटरची चिप, एका छोट्या निळ्या पट्टीवर बसवलेली. तिच्यात तीन दिशांचा प्रवेगमापक (वेगातला बदल आणि गुरुत्वाची ओढ मोजणारा) आणि तीन अक्षांभोवतीचा गायरोस्कोप (फिरणं मोजणारा) आहे. आत सिलिकॉनचेच अतिसूक्ष्म वजन सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. चिप कलली की वजन किंचित सरकतं, त्याच्या आणि शेजारच्या दात्यांमधली धारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलते, आणि तो बदल आकड्यात येतो. १९९० च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी असे मापक मोठ्या संख्येनं बनू लागले. आज आडवा धरला की फोनचा पडदा आडवा होतो तो त्यांच्याच कुळामुळे. एमपीयूच्या सगळ्यात नाजूक मापावर एक गुरुत्व म्हणजे १६,३८४. डोकं ३० अंश झुकलं की ज्या अक्षावर शून्य होतं तिथे निम्मं, म्हणजे ८,१९२ दिसतं, कारण ३० अंशांची साइन अर्धी. १० अंशांना सुमारे ०.१७, २० ला ०.३४. शाळेत पाठ केलेला तक्ता एवढ्या उपयोगाला येईल असं त्या वयात कुणी सांगितलं असतं तर मी तो जास्त मन लावून पाठ केला असता.

चिपचीही एक अडचण आहे, आणि ती आइन्स्टाइनच्या १९०७ च्या विचाराइतकी खोल आहे: बंद डब्यात बसलेल्याला कल आणि प्रवेग यांत फरक करता येत नाही. खुर्ची झटक्यात ढकलली तरी प्रवेगमापकाला वाटतं डोकं कललं. गायरो फिरण्याचा वेग मोजतो, त्याला असा चकवा बसत नाही. पण तो वेग क्षणाक्षणाला बेरजेत धरत गेलं की बारीक चुका साचतात आणि थोड्या वेळानं तो ताठ बसलेल्या माणसाला वाकडा म्हणू लागतो. म्हणून दोघांची सांगड घालतात. क्षणाक्षणाच्या हालचालीसाठी गायरोवर भरवसा, आणि दीर्घकाळच्या दिशेसाठी प्रवेगमापकाचा हळूच टेकू. लेकीनं ९८ आणि २ टक्क्यांचं प्रमाण धरलं, बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात.

हे ती मला समजावत होती तेव्हा माझं लक्ष काकांच्या कानाकडे होतं. चिप तिथेच, कानाच्या वर बांधलेली. आणि तिच्यापासून दोन-तीन बोटं आत हेच यंत्र आधीपासून बसवलेलं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्या फिरणं ओळखतात. शेजारी दोन पिशव्या आहेत, त्यांच्यात जेलीसारख्या पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक. डोकं कललं की स्फटिकांच्या भारानं पडदा सरकतो आणि खालचे केस वाकतात. तीन गायरो आणि दोन प्रवेगमापक. आइन्स्टाइनचा चकवा यालाही बसतो. अंधारात विमान जोरात वेग घेतं तेव्हा वैमानिकाला नाक वर गेल्यासारखं वाटतं आणि तो ते खाली दाबू पाहतो. आणि स्फटिक सुटून नलिकेत शिरले की कूस बदलताच घर गरगरतं. काकूला तो त्रास होऊन गेलाय. डॉक्टरांनी तिचं डोकं ठरावीक क्रमानं एकेका बाजूला वळवून स्फटिक जागेवर नेले होते. तिनं तेव्हा ते अंगारा-धुपाऱ्यातलं काहीतरी समजून हात जोडले होते.

असो. एका दुपारी आम्ही चिप काकांच्या कानावर बांधली, तार लॅपटॉपला लावली, खाँसाहेबांना सुरू केलं, आणि काकांना फक्त एवढंच सांगितलं की ऐका.

पडद्यावर रेघ उमटत गेली. उजवीकडे झुकणं वर, डावीकडे झुकणं खाली. विलंबितात ती सावकाश चढायची, पंचवीस-तीस अंशांवर समेला टेकायची आणि उतरायची. चौदा मात्रा मोजायच्या झाल्या तर त्या रेघेवरून मोजता आल्या असत्या. मधेच एखादी हरकत आवडली की डोक्याचा छोटा झटका, दाद. एका ठिकाणी रेघ मधे चढायला लागली आणि अर्ध्यातून परत आली. काका म्हणाले, ‘फसवलं मला. समेवर येतो म्हणाले आणि ओलांडून गेले.’ द्रुतात रेघ दाट, दात्यांची. मग लेक त्यांच्याशी बोलायला बसली. कॉलेजचं काय, परीक्षा कधी. होकाराला आपण डोकं या खांद्याकडून त्या खांद्याकडे थोडं हेलकावतो ना, तेही उमटलं, दोन्ही बाजूंना दहा अंशांच्या आत.

आणि खालचा, म्हणजे डावीकडचा भाग? तो जवळजवळ कोरा. हेलकाव्याचे ते दहा अंश सोडले तर काका डावीकडे जातच नव्हते. गाण्यात नाही, बोलण्यात नाही, हसण्यातही नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. तबल्याची साथ करायचे तेव्हा गवई उजवीकडे बसायचा म्हणून असेल, असा त्यांनीच एक तर्क केला आणि लगेच स्वतःच मोडीत काढला.

नळी डाव्या बाजूला कलेल अशी फिरवली, पाचर वीस अंशांची कापली, कॅपॅसिटर तोच ठेवला. बस्स. त्या दुपारी झुमरा पूर्ण झाला आणि स्वयंपाकघरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

लेकीचं म्हणणं होतं की चिप आता बांधलीच आहे, तर तीच राहू द्या; उजवीकडचं ऐकू नको, डावीकडचं ऐक, असं प्रोग्राममध्ये दोन ओळींत सांगता येतं. खरं आहे. पण चिप आणि तिच्या जोडीचा, प्रोग्राम चालवणारा छोटा अर्डुइनो बोर्ड मिळून दिवसरात्र वीसेक मिलिअँपिअर पीत बसतात, कुणी बोलावो न बोलावो. म्हणजे चार्जिंगची लिथियम बॅटरी माणसाच्या अंगावर, आणि ती रोज लावायची आठवण काकूच्या डोक्यावर. प्रोग्राम कधीतरी अडकतो, मग ते बटण दाबून परत सुरू करायचं. ते करणार काकूच, आणि ते अडकलंय हे तिला कळणार कसं? गोळ्या सरळ असताना काहीही खात नाहीत. बिघडल्या तर हलवून कानाला लावल्या की कळतं. माणूस कसा हलतो हे शिकायला चिप उत्तम, तिच्याशिवाय मी डावी बाजू कधी शोधली नसती. पण रोज बांधायला मला गोळ्याच हव्यात. यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, आणि होईल असं वाटत नाही.

गप्प राहणाऱ्या घंटीचा मोठा दोष हा की ती मेली तरी गप्पच असते. बॅटरी संपली, तार तुटली, प्लगचं बटण कुणी बंद केलं, तर सगळं शांत आणि छान वाटतं. मी यावर एक छोटा दिवा लावायच्या विचारात होते. काकूनं त्याआधीच नियम करून टाकला. सकाळचा चहा काकांनी घंटी वाजवल्याशिवाय येत नाही. काका रोज सहाला डावीकडे डोकं टाकतात, मागे घंटी वाजते, चहा येतो. एका सकाळी चहा आला नाही, काका चिडून डोकं टाकत राहिले, आणि शेवटी काकू बघायला आली तेव्हा कळलं की तार कानामागे घासून तुटली होती. सव्वासहालाच कळलं, दुपारी नाही, हे महत्त्वाचं. कारखान्यांत याच्यासाठी मोठमोठी नावं असतात.

पट्टीचं काम तिचंच. मी आणलेली इलॅस्टिकची पट्टी काकांना तासाभरात नकोशी व्हायची. खांद्याखाली त्यांना सुई टोचली तरी कळत नाही, आणि कपाळावर पट्टीची शिवण टोचते म्हणून जीव हैराण. सगळं जाणवणं जिथे उरलंय तिथेच आपण काहीतरी बांधतोय, हे मला तिनं दाखवून दिलं. तिनं जुन्या मऊ पातळाची पट्टी शिवली, शिवण बाहेरच्या बाजूला, आत तिसऱ्या घडीत नळीपुरता खिसा. वजनदार डबी खांद्याजवळ बंडीला अडकवली, डोक्यावर नुसती नळी आणि दोन बारीक तारा. मे महिन्यात इंदूर चाळिशीच्या वर गेलं की दिवसातून दोनदा पट्टी बदलते. खिशातून नळी काढायची, दुसऱ्या पट्टीच्या खिशात घालायची. नळी उलटी जाऊ नये म्हणून पाचरेला एका बाजूला कुंकवाचा ठिपका. ठिपका पुढे. रात्री पट्टी काढून ठेवतात, कारण काकू त्याच खोलीत झोपते आणि रात्रीच्या शांततेत काकांचा आवाज पुरतो.

लेकीची चिप वाया गेलेली नाही. तिनं आता ती दुसऱ्या एका बोर्डाला जोडली आहे, जो कॉम्प्युटरला स्वतःची ओळख माऊस म्हणून करून देतो. काका खुर्चीत बसतात तेव्हा डोकं वर-खाली केलं की बाण वर-खाली, मान वळवली की डावीकडे-उजवीकडे. हे मान वळवणं गोळ्यांना कधीच दिसणार नव्हतं. इथे गायरोला पर्याय नाही, आणि मी तसं मोकळेपणानं कबूल केलं. क्लिक करायला बाण एखाद्या जागी सेकंदभर थांबवायचा. काका सकाळचं मराठी वर्तमानपत्र असं वाचतात. अडचण एकच, विचारात पडले की त्यांची मान थांबते, आणि बाण जिथे थांबेल ते उघडतं. परवा अग्रलेख वाचताना एका वाक्यावर अडले आणि समोर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात उघडली. ‘खांबासारखे पाय, आणि हे मला तेल विकतायत,’ काका म्हणाले. ‘गुडघे दुखले असते तर दोन बाटल्या घेतल्या असत्या.’

लेकीनं थांबायची वेळ दीड सेकंद केली. जाहिराती कमी उघडतात, पण आता पानं उलटायला उशीर लागतो अशी तक्रार आहे, आणि ती रोज सकाळी, चहाच्या घंटीनंतर लगेच, माझ्यापर्यंत पोचवली जाते.